गाणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आज ज्या पुस्तकांबद्दल बोलायचं आहे, ती पुस्तकांच्या दुकानात एका फळीवर सहसा सापडत नाहीत. मुलांना आणि विद्यार्थ्यांना चित्रकला, संगीत, चित्रपट या कलांची ओळख करून देणारी पुस्तकं, असं त्यांचं वर्णन करता येईल. दुकानात जाऊन एवढंच सांगितलं, तर दुकानदार आपल्यापुढे एलिमेंटरी-इंटरमीजिएटची गाइडं ठेवेल, रंग भरायच्या वह्या ठेवेल, घरबसल्या हार्मोनियम शिकवणारं एखादं पातळ पुस्तक काढेल आणि सिनेमा म्हटल्यावर एखाद्या नटाचं चरित्र. त्यात त्याची काही चूक नाही. आपल्याकडे या विषयांवरची पुस्तकं म्हणजे बहुतांशी ‘कसं करायचं’ ते शिकवणारी पुस्तकं. चित्र कसं काढायचं, पेटीवर बोटं कशी ठेवायची, तबल्याचे बोल कसे पाठ करायचे. चित्र पाहायचं कसं, गाणं ऐकायचं कसं, सिनेमा बघायचा कसा, याची पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत आणि त्यांतली काही फार चांगली आहेत. मुलांच्या वाट्याला मात्र ती मोजकीच आली.

आता जरा शाळेतला एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणा. पन्नास मुलं आहेत. त्यांतली बऱ्यापैकी चित्र काढणारी किती निघतील? चार-पाच. स्नेहसंमेलनात माइकपुढे उभं करावं अशी गाणारी किती? दोन-तीन. उरलेल्या चाळीस-बेचाळीस मुलांना चौथी-पाचवीपर्यंत एक गोष्ट नीट कळवली जाते, की बाबा रे, तुझा हात चालत नाही, तुला गळा नाही. मग ती मुलं तो नाद सोडतात. सोडायला हरकत नाही. सगळ्यांनी गायलंच पाहिजे असं थोडंच आहे! पण काढणं आणि गाणं सोडताना ती पाहणं आणि ऐकणंही सोडून देतात. हीच मुलं मोठी झाली, की चित्रप्रदर्शनाच्या दारावरून ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही’ असं म्हणत पुढे जातात आणि शास्त्रीय गाणं लागलं की रेडिओचा कान पिळतात.

कवितेचं असं होत नाही. शाळा आपल्याला कविता वाचायला शिकवते, करायला शिकवत नाही. त्यामुळे जन्मात एक ओळ न लिहिलेला माणूसही कुसुमाग्रजांवर चार शब्द बोलू शकतो. क्रिकेटचं तर विचारूच नका. ज्यांनी कधी बॅट धरली नाही असे लोक पायचीतच्या निर्णयावर तासभर वाद घालतात, आणि तो वाद पुष्कळदा जाणकारीचा असतो. ती जाणकारी त्यांना समालोचनातून आणि वर्तमानपत्रांतून मिळालेली असते. चित्राच्या आणि गाण्याच्या बाबतीत मात्र शिकायचं म्हणजे करायला शिकायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. हे कुठून आलं ते पाहायचं, तर सव्वाशे वर्षं मागे आणि तेही थेट लाहोरला जावं लागतं.

५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी शोभेच्या दारूच्या अपघातात डोळे अधू झाले, तेव्हा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिले. त्या काळी गाणं शिकणं म्हणजे गुरूच्या घरी पडेल ते काम करणं आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा, होईल तेवढं शिकणं. चीज कागदावर उतरवून घेणं दूरच. आपली खास चीज बाहेरच्याच्या कानावर पडू नये म्हणून जपणारे उस्ताद होते. पांढरपेशा घरातला मुलगा गाण्याच्या नादी लागला म्हणजे वाया गेला, अशी समजूत होती आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. अशा दिवसांत पलुस्करांनी गाण्याची शाळा काढली. वर्ग आले, वेळापत्रक आलं, परीक्षा आल्या. शाळा म्हटली की क्रमिक पुस्तक हवंच. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’, ‘राग प्रवेश’ अशी पुस्तकं त्यांनी एकामागून एक काढली. सूर आणि ताल कागदावर लिहिण्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली. या नावांतला ‘बाल’ हा शब्द मला वयापेक्षा विद्येतल्या नवखेपणाचा वाटतो. तिशीतला कारकून आणि दहा वर्षांची मुलगी, दोघंही त्या पुस्तकापुढे सारखीच बाळं.

पलुस्करांनी आणखी एक गोष्ट केली. जुन्या चिजांच्या शब्दांत शृंगार पुष्कळ असे. तो मुलामुलींच्या तोंडी नको, म्हणून अनेक ठिकाणी त्यांनी शब्द बदलून ते भक्तिपर केले. आज आपल्याला यात सोवळेपणा दिसेल, आणि तो आहेच. पण त्या सोवळ्यातूनच गाणं माजघरापर्यंत पोचलं, हेही तितकंच खरं. ‘आमची मुलगी गाणं शिकते’ असं वाक्य मराठी घरात मोकळेपणाने उच्चारलं जाऊ लागलं, त्यामागे अशा पुस्तकांचा मोठा हात आहे.

त्याच सुमाराला मुंबईत विष्णु नारायण भातखंडे नावाचे एक वकील हेच काम वेगळ्या वाटेने करत होते. ते देशभर हिंडले, जुने ग्रंथ पाहिले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि सगळ्याची वर्गवारी करून ती लोकांपुढे ठेवली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिला आहे. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहा भागांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ रचली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, खालच्या सप्तकासाठी स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकासाठी स्वरावर टिंब, समेला गुणिलेची खूण आणि कालाला शून्य. एवढ्याशा खुणांवर त्यांनी शेकडो चिजा कागदावर बांधल्या. यातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे लक्षणगीत. लक्षणगीत म्हणजे असं गाणं, की ज्याचे शब्दच त्या रागाची माहिती सांगतात. कोणता स्वर वर्ज्य, कोणता वादी, राग कोणत्या वेळेचा, हे सगळं त्याच रागात बांधलेलं. मुलाने गाणं पाठ केलं की रागाचं व्याकरणही पाठ झालं. भातखंडे पेशाने वकील खरे, पण मास्तरकीची ही जाण फार थोड्या मास्तरांत असते.

पुढे पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची शिडी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. ज्याच्या घराण्यात कुणी गाणारं नाही, ज्याच्या गावात कुणी उस्ताद नाही, अशा मुलालाही पुस्तक आणि परीक्षा यांच्या आधाराने गाण्याच्या अंगणात पाऊल टाकता आलं. आता या पुस्तकांची मर्यादा सांगणार आहे, पण हे ऋण आधी सांगायला हवं.

मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भूप राग घ्या. स्वर पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. आता देशकार राग घ्या. स्वर पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. कागदावर पाहिलं तर दोघं जुळे भाऊ. फरक कागदावरही लिहिलेला असतो: भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. मूल हे पाठ करतं, उत्तरपत्रिकेत लिहितं, पैकीच्या पैकी गुण मिळवतं. पण भूप गंधारावर कसा विसावतो, आणि देशकार वरच्या बाजूला, धैवताच्या आसपास कसा उजळत राहतो, हे कानांनी ऐकल्याशिवाय कळायचा दुसरा उपाय नाही. दोन्ही राग सलग पाच-पाच मिनिटं ऐकवले, तर ज्याला ‘सा’ सुद्धा लावता येत नाही त्या मुलालाही काहीतरी वेगळं आहे हे जाणवतं. त्याला शब्द सापडणार नाहीत. तो म्हणेल, हे गाणं बसलंय आणि ते उभं आहे. माझ्या मते हे उत्तर वादी-संवादीच्या टिपेपेक्षा वरच्या दर्जाचं आहे.

यात पलुस्कर-भातखंड्यांचा दोष नाही. त्यांची पुस्तकं समोर बसलेल्या गुरूबरोबर वापरायची होती. गुरू गाणार, पुस्तक आठवण ठेवणार. पुढे परीक्षा वाढल्या, गुरू कमी पडले आणि पुस्तकाचं गाइड झालं. देशकार न ऐकता देशकाराची टीप लिहिता येण्याची सोय झाली, ती तिथून.

ऐकणाऱ्यासाठी लिहायचं तर पुस्तकाचा मोहराच बदलावा लागतो. आधी सूर, मग नाव, मग नियम, असा क्रम लागतो. अच्युत गोडबोले आणि सुलभा पिशवीकर यांचं ‘नादवेध’ हे पुस्तक मी कॉलेजातल्या मुलांना हमखास सुचवतो, कारण ते रागाकडे ओळखीच्या गाण्यांच्या वाटेने नेतं. कानात आधीपासून असलेलं सिनेमाचं गाणं किंवा नाट्यगीत आठवायचं आणि मग त्यातला राग ओळखायचा. जाणकारांना ही पायवाट थोडी सोपी वाटेल. वाटू दे. लहान मुलांसाठी याच वाटेची, आणखी सोपी आणि पातळ पुस्तकं हवी आहेत.

चित्रकलेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण सांगाडा तोच आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चं. ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा इंग्रजी अमदानीतल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द ज्यांना ठाऊक नाहीत, असं मराठी शाळेत शिकलेलं माणूस विरळा. त्या परीक्षांनी हात तयार केले. त्यातून उत्तम चित्रकार, ड्रॉइंगचे उत्तम मास्तर निघाले. पण एलिमेंटरी-इंटरमीजिएट दोन्हींत ‘ए’ ग्रेड मिळवलेल्या मुलाने एकही अस्सल चित्र निवांत पाहिलेलं नसतं, असंही सर्रास दिसतं.

चित्र पाहायला पुस्तक कशी मदत करू शकतं? सगळ्यांच्या ओळखीचं एक चित्र घेऊ. अंधारात उभी असलेली एक स्त्री, हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला धरलेला. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा १९०६ साली वारला. हे चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९४५-४६च्या सुमाराला सावळाराम हळदणकरांनी काढलं. हळदणकर सावंतवाडीचे. समोर दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची मुलगी. चित्र जलरंगातलं आहे आणि मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

मुलांच्या पुस्तकात या चित्राखाली काय लिहावं? पहिला प्रकार म्हणजे मी आत्ता दिली ती माहिती. ती हवी, पण ती वाचून झाल्यावर मूल पान उलटतं. चित्राकडे पुन्हा पाहायचं त्याला कारणच उरत नाही. दुसरा प्रकार बोधाचा: ही स्त्री म्हणजे आशेचं प्रतीक, अंधारातही प्रकाशाची वाट सोडू नये, वगैरे. यात तर चित्र पुसून टाकून त्या जागी सुविचार लिहिला जातो. तिसरा प्रकार असा: या चित्रात उजेड कुठून येतो आहे? दिव्याची ज्योत तुला किती दिसते? दिवा आणि दोन्ही हात अंगठ्याखाली झाक. आता चेहरा उजळलेला आहे हे खरं वाटतं का? तिची सावली शोध. ती कुठे पडली आहे, केवढी आहे? तिची बोटं लालसर का दिसतात? आज रात्री दिवे घालवून टॉर्चवर तळहात धर आणि बघ.

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मूल पुस्तक मिटून टॉर्च शोधायला जातं. स्वतःच्या बोटांतून येणारा तांबूस उजेड पाहतं आणि परत येऊन चित्रात तोच उजेड ओळखतं. एवढं झालं की जलरंगात, जिथे एकदा चढलेला गडद रंग धड पुसताही येत नाही तिथे, हा उजेड हळदणकरांनी कसा राखला असेल, हे कुतूहल त्याच्या मनात आपोआप येतं. तंत्राची माहिती देण्याची वेळ ती. त्याआधी दिलेली माहिती वाया जाते.

परदेशात अशा लिखाणाचा एक मोठा नमुना आहे. एर्न्स्ट गोम्ब्रिख या कलेतिहासकाराचं ‘द स्टोरी ऑफ आर्ट’ हे पुस्तक १९५० साली लंडनमध्ये निघालं आणि आजही ते जगभर विकलं जातं. हे पुस्तक लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे होती ती नुकतीच कलेची गोडी लागलेली किशोरवयीन मुलं. त्याआधी व्हिएन्नात असताना त्याने मुलांसाठी जगाचा इतिहास लिहिला होता, तोही अवघ्या सहा आठवड्यांत. त्याचं म्हणणं असं, की मुलांसाठी वेगळ्या तऱ्हेने लिहायचं कारण नाही. फक्त पोकळ, जड शब्द मुलं चटकन ओळखतात आणि त्यांचा त्यांना राग येतो, एवढं ध्यानात ठेवावं. आणि त्याने स्वतःवर एक बंधन घालून घेतलं होतं: ज्या कलाकृतीचं चित्र पुस्तकात छापता येणार नाही, तिच्याबद्दल लिहायचं नाही. हा नियम आपल्याकडे पाळायचा ठरवला, तर कलेवरची निम्मी पाठ्यपुस्तकं कोरी निघतील. अजिंठ्याच्या पद्मपाणीवर पान-पानभर मजकूर आणि चित्र काडेपेटीच्या आकाराचं, तेही काळ्या-पांढऱ्या धुरकट छपाईत, अशी पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. रंगीत छपाई महाग होती, हे कारण खरं. आज ती तितकी महाग राहिलेली नाही.

मराठीत या बाबतीत माधुरी पुरंदरे यांचं नाव घ्यायला हवं. त्या स्वतः चित्रकार, पिकासोचं मराठी चरित्र त्यांनी लिहिलं आहे. ‘वाचू आनंदे’ हे त्यांनी संपादित केलेलं संकलन बालगट आणि कुमारगट अशा भागांत आहे. वरवर पाहता ते मराठी साहित्यातल्या वेच्यांचं पुस्तक. पण वेच्यांच्या सोबतीला भारतीय दृश्यकलेचे नमुने दिले आहेत. मूल गोष्ट वाचायला म्हणून पुस्तक उघडतं आणि वाचता वाचता त्याची नजर चित्रावर रेंगाळते. आता चित्रकला शिकू या, असं कुणी त्याला सांगत नाही. ओळख करून देण्याची ही सगळ्यात सभ्य रीत. आपणही एखाद्या पाहुण्याची ओळख करून देतो, तेव्हा त्याचं जन्मसाल आणि पदव्या सांगून थांबत नाही. त्याला बसायला सांगतो.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की मुलांच्या हातून रंग काढून घ्या असं मी म्हणतो आहे. मुळीच नाही. देवी प्रसाद हे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार १९४४पासून जवळजवळ अठरा वर्षं वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या शाळेत मुलांबरोबर होते. तिथल्या अनुभवावर त्यांनी ‘शिक्षा का वाहन : कला’ हे हिंदी पुस्तक लिहिलं. ते शिक्षकांनी जरूर वाचावं. प्रत्येक मुलाने रंगांत, मातीत हात घालावा याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हात घातल्यावर त्याला क्रमांक देण्याबद्दल.

आता सिनेमा. इथे अडचण उलटी आहे. चित्रं आणि शास्त्रीय गाणं मुलांच्या कानाडोळ्यांवर पडत नाही. हलती चित्रं मात्र दिवसभर पडतात. त्यामुळे सिनेमा बघायला शिकवायचं ते काय, असं आईबापांना वाटतं. वास्तविक भाषा बोलता येते म्हणून व्याकरण कळतं असं नाही, तसंच हे आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तिथे आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी अनेक पिढ्यांना सिनेमा बघायला शिकवलं. ‘पथेर पांचाली’सारखा एकच चित्रपट घेऊन त्यातला एकेक शॉट उलगडत बसायचं, अशी त्यांची रीत. ती शिकवणी मोठ्यांसाठी होती. मराठीत अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक सिनेमा बारकाईने कसा पाहावा याचा उत्तम वस्तुपाठ आहे, पण ते वाचायला कॉलेजातलं वय हवं.

लहान मुलांसाठी हे काम खुद्द ‘पथेर पांचाली’च्या दिग्दर्शकानेच केलं. सत्यजित राय आपल्या आजोबांनी सुरू केलेल्या ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकासाठी सतत लिहीत. फेलूदाच्या कथा आपल्याकडे अशोक जैनांच्या अनुवादामुळे मुलांना ठाऊक आहेत. पण रायांचं ‘एकेइ बोले शूटिंग’, म्हणजे ‘यालाच म्हणतात शूटिंग’, हे छोटं पुस्तक आपल्याकडे तेवढं माहीत नाही. त्यात ते मुलांना शूटिंगच्या गमती सांगतात. अपू आणि दुर्गा आगगाडी पाहायला काशफुलांच्या माळावरून धावतात, ते दृश्य जगप्रसिद्ध आहे. त्याचं अर्धं शूटिंग एका दिवशी झालं. आठवड्याने मंडळी उरलेलं अर्धं करायला गेली, तर माळावर फुलंच नाहीत. गुरांनी खाऊन टाकली होती! मग उरलेल्या अर्ध्या दृश्यासाठी पुढच्या वर्षी फुलं येईपर्यंत थांबावं लागलं. त्यातली आगगाडी पडद्यावर एक दिसते, पण शूटिंगसाठी तीन वेगवेगळ्या गाड्या लागल्या. घरातलं कुत्रं मध्येच मेलं, तेव्हा त्याच्यासारखं दिसणारं दुसरं शोधून दृश्य पुरं केलं.

मुलाने हे वाचलं की ते पहिलं काय करेल? सिनेमा पुन्हा लावेल आणि सांधा शोधेल. कुठे संपतं पहिलं वर्ष, कुठे सुरू होतं दुसरं? ते त्याला सापडणार नाही. पण शोधता शोधता हा कॅमेरा आता जवळ आला, आता लांब गेला, आता दुर्गा दिसते, आता तिला जे दिसतंय ते दिसतं, हे त्याच्या लक्षात येऊ लागेल. संकलन म्हणजे काय, याची व्याख्या न सांगता रायांनी ते शिकवलेलं असतं. वर करमणूक झाली ती वेगळीच. हे लेखन ‘चाइल्डहुड डेज’ या इंग्रजी पुस्तकात समाविष्ट आहे. आठवी-नववीतल्या मुलाला ते सहज झेपेल.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर दादासाहेब फाळके आहेतच. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ साली, फाळक्यांनी वाटाण्याच्या दाण्यातून रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपलं आणि ती फिल्म दाखवून भांडवलदाराचं मन वळवलं. दिवसांचं काम मिनिटांत डोळ्यांपुढे घडताना पाहणारे किती चकित झाले असतील! सिनेमा म्हणजे काळाशी केलेला खेळ, हे मुलाला समजावायला यापेक्षा सोपी गोष्ट सापडणार नाही. जुन्या वहीच्या पानांच्या कोपऱ्यात एकेक चित्र थोडं थोडं बदलत काढायचं आणि अंगठ्याने पानं फर्रकन सोडायची, हा खेळ त्या गोष्टीशेजारी छापला की पुस्तकाचा एक धडा तयार झाला. चित्र काढता येत नसलं तरी चालतं; वाढणारं रोप म्हणजे एक रेघ आणि दोन पानं.

शाळांत काही बदल होताना दिसतात. बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक काढून खेळ, कार्यानुभव आणि कला यांना जागा दिली. एनसीईआरटीने २०२४ साली सहावीसाठी ‘कृति’ नावाचं कलेचं स्वतंत्र पाठ्यपुस्तक आणलं. त्यात दृश्यकला, नाट्य, संगीत आणि नृत्य आहे. पाठ्यपुस्तकांत आता क्यूआर कोडचे चौकोन असतात. पुस्तक गाऊ शकत नाही, ही जी पलुस्करांच्या काळापासूनची अडचण होती, ती या चौकोनाने सुटू शकते. भूप आणि देशकार यांची नावं शेजारी शेजारी, खाली दोन चौकोन, आणि प्रश्न एवढाच: यातलं बसलेलं कोणतं आणि उभं कोणतं? मात्र त्या चौकोनातून पुन्हा कुणी वादी-संवादीची व्याख्याच वाचून दाखवू लागलं, तर काही सुटलं नाही.

तोवर आईबापांनी दुकानात पुस्तक चाळताना काय पाहावं? मी स्वतः आधी विशेषणं मोजतो. पहिल्या दोन पानांत ‘महान’, ‘अजरामर’, ‘अलौकिक’ हे शब्द तीनदा भेटले, की पुस्तक खाली ठेवतो. मग चित्राखाली मूळ चित्राचा आकार, माध्यम आणि ते कुठे आहे हे दिलं आहे का ते बघतो, कारण हातभर चित्र आणि भिंतभर चित्र पुस्तकात सारख्याच आकाराची दिसतात. चित्राची किंमत दिली असेल, तर मात्र सावध होतो. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे हे नाव पुष्कळ मुलांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते लिलावातल्या कोटींच्या आकड्यामुळे, आणि मग ते चित्र पाहताना डोळ्यांपुढे फक्त तो आकडा राहतो.

आणि पुस्तकातलं एखादं तरी अस्सल चित्र मुलाला प्रत्यक्ष दाखवता येईल का, याचा विचार करावा. त्यासाठी मुंबईलाच जायला हवं असं नाही. सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. तिथे रविवर्म्याची, धुरंधरांची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. जाताना पुस्तक बरोबर न्यावं. छापील चित्र आणि मूळ चित्र शेजारी धरून मुलाला फरक शोधू द्यावेत. रंग किती वेगळे निघाले, पुस्तकाने कुठली कड कापली, कॅनव्हासवर ब्रशचा फटकारा कुठे दिसतो. सगळं संग्रहालय एका दिवसात उरकायचं नाही. मुलाने निवडलेल्या एकाच चित्रापुढे अर्धा तास गेला आणि बाकीची दालनं राहून गेली, तरी ती पुढच्या खेपेला तिथेच असतील.